डिशवॉशर जुना झालाय, दुरुस्त करू की नवीन घेऊ? आधी एवढं बघून घ्या

आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी भांडी किती पडतात ते इंदूरच्या मराठी घरात राहणाऱ्यांना सांगायला नको, सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी, वर पन्नासेक वाट्या. मागच्या वर्षी बरोब्बर त्या दिवशी दुपारी साडेतीनला आमची मशीन मधेच थांबली, दार उघडलं तर तळाशी चार बोटं गढूळ पाणी आणि डिस्प्लेवर एरर. सासूबाईंनी पदर खोचला आणि आम्ही दोघींनी सगळं हाताने घासलं.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, पीसीबी गया. साढ़े चौदह हज़ार लगेंगे. इससे अच्छा नई ले लो." (पीसीबी म्हणजे मशीन चालवणारा आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड.) मशीन २०२० च्या ऑगस्टमधली, लॉकडाऊनमध्ये बाई येऊ शकत नव्हती तेव्हा घेतलेली. मी त्याला एक दिवस थांबा म्हटलं, त्याची व्हिजिट फी दिली, आणि संध्याकाळी मी आणि ह्यांनी टॉर्च लावून मशीन स्वतः बघितली. पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाच्या पंख्यात लिंबाची एक बी आणि काचेचा नखाएवढा तुकडा अडकला होता. काढला, लावलं, चालू झाली. आजपर्यंत चालतेय.

हे सांगायचं कारण असं की त्या २०२० च्या लाटेत खूप घरांत डिशवॉशर आले, ते सगळे आता पाच-सहा वर्षांचे झालेत आणि ओळखीतून मला आठवड्याला एक तरी फोन येतो की ताई, ठेवू की काढू. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय. माझं म्हणणं एवढंच आहे की वय आणि किंमत नंतर बघा, आधी नक्की कुठला पार्ट गेलाय आणि तो कशामुळे गेलाय ते शोधा, कारण जे आपल्या पाण्यामुळे गेलंय ते नव्या मशीनमध्येही जाणारच आहे.

पहिल्यांदा घरच्या घरी काय बघायचं

प्लग काढा, मागचा नळ बंद करा, हातात जाड रबरी मोजे घाला (काच असते, खरंच असते). खालची जाळी बाहेर काढा, फिल्टर फिरवून उचला. त्याच्याखाली जो खड्डा दिसतो त्यातलं पाणी वाटीने आणि मग जुन्या टॉवेलने टिपून घ्या. बऱ्याच मशीनमध्ये त्या खड्ड्यात बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, चमच्याच्या दांड्याने उचकटून निघतं, काहींमध्ये एक स्क्रू असतो. त्याच्या आत पंपाचा छोटासा पंखा असतो. बोटाने फिरवून बघा. थोडा अडखळत, झटके देत फिरतो ते नॉर्मल आहे, आत चुंबक असतं. अजिबात फिरत नसेल तर काहीतरी अडकलंय. आमच्याकडे निघालेल्या वस्तूंत मोहरी, जिरं, कढीपत्त्याची शीर, एक दात कोरायची काडी आणि ती बी, एवढं सगळं होतं. फोडणीवाल्या आपल्या जेवणात मोहरी हा सगळ्यात मोठा त्रास आहे, ती आतल्या पाणी उडवणाऱ्या, फिरणाऱ्या हातांच्या (स्प्रे आर्मच्या) भोकांमध्येसुद्धा जाऊन बरोब्बर बसते आणि मग वरच्या रॅकमधले ग्लास स्वच्छ निघत नाहीत आणि लोकांना वाटतं मोटर गेली. मशीनचे ते हात काढा, कानाशी धरून हलवा, आत खुळखुळ वाजलं तर समजा मोहरी आहे, टूथपिकने एकेक भोक मोकळं करा.

मग मागचा निचऱ्याचा पाइप बघा. सिंकच्या खाली जिथे तो जोडलाय तिथे चरबी साचून साबणासारखा गोळा होतो. आणि मशीन साफसफाईसाठी सरकवली असेल तर पाइप मागे दुमडला गेलाय का तेही बघा.

एरर कोड आला असेल तर पुस्तिका काढा. बॉशमध्ये ई२४, ई२५ म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये, ई१५ म्हणजे खालच्या तळात पाणी साचून सेफ्टी स्विच वर उचलला गेलाय. एलजीमध्ये ओई म्हणजे निचरा, आयई म्हणजे पाणी आत येत नाही. यातल्या कुठल्याच कोडचा अर्थ "पीसीबी गेलं" असा होत नाही. कोड फक्त मशीनला काय जाणवलं ते सांगतो, त्यामागचं कारण मात्र आपल्यालाच शोधावं लागतं.

पाणी आत येत नसेल तर इंदूरमध्ये दोन गोष्टी आधी बघायच्या. एक म्हणजे इनलेट पाइपच्या टोकाला बारीक जाळी असते, बोरिंगच्या पाण्यातली रेती आणि टाकीतला गाळ तिथे अडकतो, पाइप उघडून जुन्या टूथब्रशने धुवून काढली की झालं. दुसरं म्हणजे प्रेशर. बऱ्याच मशीनना कमीत कमी ०.५ बार प्रेशर लागतं, म्हणजे टाकीतलं पाणी नळापासून जवळजवळ पाच मीटर उंच पाहिजे. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि टाकी डोक्यावरच्याच गच्चीवर असेल तर ती उंची भरतच नाही, तिथे मशीनचा काही दोष नसतो, छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. आमच्या समोरच्या काकूंनी याच कारणावरून दोनदा इनलेट वॉल्व्ह (पाणी आत सोडणारी झडप) बदलून घेतला होता.

भांडी गार आणि ओली निघत असतील, डिटर्जंटची गोळी अर्धी तशीच राहत असेल, तर हीटरचा संशय घ्या. गरम पाण्याचा प्रोग्राम लावा, अर्ध्या-पाऊण तासाने दार हळूच, तोंड लांब ठेवून उघडा. वाफ यायला पाहिजे. नाही आली, भांडी कोमट, तर हीटर किंवा त्याचा रिले (त्याला वीज सोडणारा बोर्डवरचा स्विच) गेलाय. इथे एक विचारून घ्या, बऱ्याच नव्या मशीनमध्ये हीटर आणि मुख्य पंप एकाच युनिटमध्ये असतात, त्यामुळे हीटर गेला की अख्खं युनिट बदलायला सांगतात आणि आकडा एकदम मोठा येतो. जुन्या डिझाइनमध्ये हीटर वेगळा असतो, तिथे काम स्वस्तात होतं.

गळत असेल तर दाराचं रबर हात फिरवून तपासा, कडेला तेलाचा चिकट थर असला तरी पाणी झिरपतं, गरम ओल्या फडक्याने पुसलं की कधीकधी तेवढ्यानेच थांबतं. कोणी घाईत साधं भांड्यांचं लिक्विड आत टाकलं असेल तर फेस दारातून बाहेर येतो, ती गळती नव्हे.

पाण्याचं प्रकरण

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी धड सांगत नाही.

आपल्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून जवळपास सत्तर किलोमीटर पंप होऊन येतं, पण ते एक दिवसाआड, आणि मधल्या वेळात बोरिंग, उन्हाळ्यात बोरिंग आटलं की टँकर. टाकीत सगळं एकत्र. म्हणजे मशीनला आज मिळतं ते पाणी आणि परवा मिळतं ते पाणी वेगळं असतं. बोरिंगच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, ते गरम झालं की पांढरा थर धरतं, तोच थर जो आपल्या गीझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्याच्या कडेला दिसतो. हीटरवर थर बसला की हीटर जास्त तापतो, पाणी उशिरा तापतं, प्रोग्राम लांबतो आणि शेवटी हीटर जातो. वॉल्व्ह अडकतो, सेन्सर चुकीचं वाचतो. म्हणजे वरवर बघता चार वेगवेगळे बिघाड, मूळ कारण एकच.

यासाठीच मशीनमध्ये सॉल्टचा, म्हणजे डिशवॉशरसाठीच्या वेगळ्या जाड मिठाचा डबा असतो. आत बारीक मण्यांसारखं रेझिन असतं, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि सोडियम सोडतं, आणि मीठाच्या पाण्याने ते रेझिन परत धुतलं जातं. सॉल्ट संपलं की रेझिन भरून जातं आणि कडक पाणी तसंच आत. घरातलं बारीक मीठ त्यात कधीच टाकू नका, गोळे होऊ नयेत म्हणून त्यात जे मिसळलेलं असतं ते आणि ते बारीक कण दोन्ही रेझिनला त्रास देतात. आणि सॉल्ट भरताना सांडलं तर लगेच वॉश चालू करा, रात्रभर तसं राहिलं तर स्टीललासुद्धा गंज पकडतो. माझ्या नणंदेच्या मशीनचा तळ असाच गेला, सॉल्टच्या झाकणाभोवती गोल तपकिरी डाग, आणि एक दिवस तिथूनच पाणी.

मशीनमध्ये पाण्याच्या कडकपणाची सेटिंग असते, बसवून देणारा माणूस बऱ्याचदा ती फॅक्टरीतून आली तशीच ठेवतो. कडकपणा मोजायच्या पट्ट्या मिळतात, एक नर्मदेच्या दिवशी बुडवा, एक बोरिंगच्या दिवशी, आणि जो जास्त येईल त्याप्रमाणे सेटिंग ठेवा. आरओवाल्याचा टीडीएस मीटर यासाठी पुरत नाही, तो सगळे क्षार मिळून दाखवतो, कडकपणा वेगळा काढून दाखवत नाही. पट्टी नसेल तर अर्धी बाटली पाणी, त्यात अंगाच्या साध्या साबणाचा कीस टाकून जोरात हलवा, फेस टिकला तर पाणी मऊ, दुधाळ होऊन वर साय धरली तर कडक.

आधीच थर बसलेला असेल तर दुरुस्तीवाल्याला बोलवायच्या आधी रिकाम्या मशीनमध्ये शंभर-दीडशे ग्रॅम लिंबूसत्त्व तळात टाकून सगळ्यात गरम प्रोग्राम चालवा, डिटर्जंट नाही, आणि ब्लीच तर त्याच्यासोबत मुळीच नाही. सियागंजमध्ये किराण्याच्या ठोक दुकानात लिंबूसत्त्व किलोने मिळतं. कितीतरी "मरायला टेकलेल्या" मशीन या एका वॉशनंतर नीट भांडी घासायला लागलेल्या मी बघितल्यात.

आता कोटेशन आणि हिशोब

समजा हे सगळं करून झालं आणि खरंच पार्ट गेलाय. मग टेक्निशियनकडून तीन गोष्टी लेखी घ्या, पार्टचं नाव आणि नंबर, पार्टची आणि मजुरीची किंमत वेगवेगळी, आणि नव्या पार्टवर किती दिवसांची गॅरंटी. जुना पार्ट परत द्यायला सांगा. एवढं म्हटलं की समोरचा माणूस जरा नीट तपासतो, हा माझा अनुभव आहे. पीसीबी गेलंय म्हणत असेल तर कशावरून ते विचारा, बोर्डवर काळा डाग दिसतोय का, मीटर लावून बघितलं का. बोर्ड खरोखरच गेला असेल तरी लगेच नवा घेऊ नका. जेल रोडकडे इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरवाले असतात, पुष्कळ वेळा एखादा रिले किंवा पॉवर सप्लायचा भागच उडालेला असतो आणि ते दीड-दोन हजारात बदलून देतात. व्होल्टेज वरखाली होतं तिथे हे फार होतं, नवा बोर्ड टाकायच्या आधी स्टॅबिलायझर लावा, नाहीतर तोही जाईल.

आता ठेवायची की काढायची. लोक अर्ध्या किमतीचा नियम सांगतात, म्हणजे दुरुस्ती नव्या मशीनच्या अर्ध्याहून जास्त असेल तर नवी घ्या. तो ठीक आहे पण अपुरा आहे, कारण त्यात वय येत नाही. मी वर्षाचा हिशोब करते. नवी मशीन समजा ४२ हजारांची, दहा वर्षं चालेल असं धरलं तर वर्षाला ४,२०० पडले. आता दुरुस्तीचा खर्च भागिले त्यानंतर मशीन किती वर्षं चालेल असं प्रामाणिकपणे वाटतं ती वर्षं. पंप बदलायला साडेतीन हजार, मशीन सहा वर्षांची, अजून तीन वर्षं सहज चालेल, म्हणजे वर्षाला बाराशेच्या आत, डोळे झाकून दुरुस्त करा. बोर्ड साडेचौदा हजार, मशीन नऊ वर्षांची, फार तर दोन वर्षं अजून, म्हणजे वर्षाला सव्वासात हजार, इथे नवीच घ्या. आकडे तुमचे टाका, तुमच्या मॉडेलचे, पण पद्धत हीच ठेवा. साधारण आठ ते बारा वर्षं डिशवॉशर चालतो, पाणी सांभाळलं तर वरच्या टोकाला, नाही सांभाळलं तर खालच्या.

या हिशोबात न बसणाऱ्या दोन-तीन गोष्टी आहेत. आतला स्टीलचा डबा गंजून भोक पडलं असेल तर वय चार असो की दहा, दुरुस्तीवर पैसे घालू नका, ते सांधून टिकत नाही (आधी वॉरंटी कार्ड बघा, काही कंपन्या टबच्या गंजावर वेगळी, जास्त वर्षांची वॉरंटी देतात). आणि रॅकच्या तारेचं कोटिंग निघून गंज दिसतोय म्हणजे टब गेला असं नव्हे, रॅक वेगळा मिळतो, तारांवर घालायच्या रबरी टोप्याही मिळतात. दुसरं, वर्षभरात तीन वेगवेगळे बिघाड झाले असतील आणि पाणी, व्होल्टेज, प्रेशर तिन्ही तुम्ही नीट केलंय, तर मशीन थकलीय. तिसरं, पार्टच मिळत नसेल. पार्ट "डिसकंटिन्यू" झालाय असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा, सरकारचं राइट टू रिपेअर (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालंय, त्यात घरगुती उपकरणंही येतात, आणि तक्रार करायचीच वेळ आली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. माझ्या मैत्रिणीने नुसता १९१५ चा उल्लेख केला आणि चार दिवसांत पार्ट आला.

विक्रेते एक गोष्ट हमखास सांगतात की नवी मशीन विजेत पैसे वसूल करून देते. मी मांडून बघितलं. एका वॉशला साधारण एक युनिट लागतं, नवी मशीन त्यातलं फार तर पंचवीस-तीस टक्के वाचवेल. वर्षाला तीनशे वॉश धरले तर नव्वद युनिट, म्हणजे सहा-सातशे रुपये. पाणी जुनी पंधरा लिटर घेत असेल तर नवी दहा, ते चांगलंच आहे, उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्यांना तर फारच, पण एवढ्यासाठी चालू मशीन काढून चाळीस हजार घालायचं कारण नाही.

नणंदेला मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून नवीच घे म्हटलं. अकरा वर्षांची मशीन, तळ गंजलेला, वर हीटर गेलेला. ती दोन वर्षं नुसती ओढत होती, दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणालातरी बोलवायचं, हजार-बाराशे द्यायचे. मी तिला सगळी बिलं शोधायला लावली, बेरीज एकोणीस हजार झाली. मशीन तिच्या सासऱ्यांनी आणलेली होती, ते आता नाहीत, म्हणून जीव अडकला होता, ते मला कळत होतं. शेवटी तिने वरचा रॅक ठेवून घेतला, गच्चीवर वडे-पापड वाळवायला, आणि मशीन दिली.

नवीच घ्यायची ठरली तर

जुनी किंमत डोक्यात धरून बसू नका, २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. मूळ किंमत ४० हजार असेल तर आधी ५१,२०० पडत होते, आता ४७,२००. महाराणी रोडला दोन-तीन दुकानांत विचारा, एक्सचेंजमध्ये जुनीचे किती लावतात ते आधी न विचारता नवीची शेवटची किंमत आधी काढून घ्या, मग जुनीचं बोला. एक्सचेंजमध्ये नसेल द्यायची तर कबाडीला देण्यापेक्षा कंपनीला किंवा नोंदणीकृत रिसायकलरला द्या, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-वेस्ट नियमांत उत्पादकांवर जबाबदारी टाकलेली आहे. नगर निगमच्या कचरागाडीत ई-वेस्टचा वेगळा कप्पा असतो पण तो चार्जर, वायर, रिमोट असल्या बारक्या वस्तूंसाठी, अख्खी मशीन त्यात जात नाही. त्याच मॉडेलची मशीन ओळखीत कोणाकडे असेल तर पंप, रॅक, फिरणारे हात काढून त्यांना देऊन टाका.

घेताना आत कढई आणि आपली पातेली बसतात का ते स्वतःची कढई नेऊन बघा, मी खरंच पिशवीत घालून नेली होती, दुकानातल्या मुलाला आधी नवल वाटलं, मग त्यानेच तीन मॉडेलमध्ये लावून दाखवली आणि त्यातल्या एकात वरचा हात कढईला घासत होता. अॅल्युमिनियमचा कुकर, पितळ, तांबं, लोखंडी तवा कुठल्याच मशीनमध्ये टाकायचं नाही, डिटर्जंटने अॅल्युमिनियम काळं पडतं, तेव्हा तुमच्या घरात स्टील किती आणि बाकी किती तेही मोजून घ्या.

बसवायच्या दिवशी १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट तयार ठेवा, एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नका. इनलेट पाइप जुना वापरू देऊ नका, नव्यासोबत आलेलाच लावा. सॉल्टच्या डब्यात अगदी पहिल्या वेळी आधी पाणी भरून मग सॉल्ट घालायचं असतं, ते त्याला समोर करायला लावा, आणि तो जायच्या आत बोरिंगच्या पाण्याची पट्टी त्याच्या हातात देऊन कडकपणाची सेटिंग त्याप्रमाणे करून घ्या.